वजनाचं ऑपरेशन: इंदुरात बोलायला कुणी आहे का?

प्रेषक: यादी-व्यवस्थापक

नमस्कार मंडळी,

खालचं पत्र आपल्याच एका सभासद ताईंचं आहे. नाव नको म्हणाल्या, म्हणून माझ्यामार्फत येतंय. उत्तर यादीवर दिलंत तरी चालेल. खासगी असेल तर मला लिहा, मी पोचवीन.

"माझं वय चव्वेचाळीस, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 41. मधुमेह जुना आहे, शिवाय झोपेत श्वास थांबतो म्हणून मशीन लावून झोपते. सर्जन स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकणं) किंवा बायपास (जठर लहान करून अन्न थेट आतड्यात सोडणं) करू म्हणतात. साखर बघता त्यांचा कल बायपासकडे आहे. माहिती भरपूर मिळाली. मला माणूस हवंय. हॉस्पिटलच्या सपोर्ट ग्रुपला जाऊन आले. बहुतेक जण नुकतंच ऑपरेशन झालेले, खुशीत, मोबाइलवर आधीचे-नंतरचे फोटो दाखवणारे. समोर डॉक्टर बसलेले, मग कुरकुर कोण करणार? आमच्या घरी सकाळी पोहे, सणाला पुरणपोळी, कुणाकडे गेलं की आग्रह. यातून कसं निभावायचं आणि दोन-तीन वर्षांनी काय होतं, हे सांगणारं आपल्यात कुणी आहे का? घरात नवऱ्याखेरीज कुणाला सांगितलेलं नाही."

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, तिलक नगर

चांगलं पोट कापायचं कशाला? रीजनल पार्कला रोज दोन फेऱ्या आणि रात्रीचं जेवण बंद. शिवाय आता इंजेक्शनं आली आहेत म्हणे. विचार करावा.

प्रेषक: रामबागची काकू

ताई, वयानं मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते. मला बायपास करून बरीच वर्षं झाली. मंडळात आणखी दोघी आहेत, पण त्या बाहेर "योग लावलाय" असं सांगतात, तेव्हा त्यांची नावं माझ्याकडून निघणार नाहीत. तू म्हणालीस तर त्यांना विचारून तुझा नंबर देईन.

भाऊ, चालून आणि जेवणं सोडून झाल्यावरच माणूस सर्जनच्या दारात जातो. मौंजारो, वेगोवी ही इंजेक्शनं 2025 मध्ये भारतात आली, त्यांनी वजन उतरतं हे खरंच. पण थांबवली की बरंचसं परत चढतं, आणि कुणाला काय द्यायचं ते तपासणारा डॉक्टर ठरवेल. ताईंनी तो सल्ला मागितलेला नाही.

आता कामाचं. ऑपरेशनच्या आधी साधारण दोन आठवडे कमी कॅलरीचा आहार देतात, बहुतेक पातळच. तो कशासाठी हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. यकृतावरची चरबी कमी होऊन ते आकसतं आणि दुर्बिणीतून काम करायला जागा मिळते. हे कळलं की उपाशी राहणं निदान निरर्थक वाटत नाही. त्या दिवसांत माझ्या आधी ऑपरेशन झालेली एक बाई रोज संध्याकाळी फोन करायची, कारण आमच्याकडे पोरांसाठी भजी नेमकी तेव्हाच तळली जायची. सल्ला वगैरे काही नाही, कढई खाली उतरेपर्यंत गप्पा. तुला आधी असं कुणीतरी शोधून ठेवायला हवं. नंतर शोधायला अंगात त्राण नसतं.

नंतरचे काही आठवडे घोट-घोट पातळ, मग वाटलेलं, मग मऊ. पाणी जेवताना नाही, जेवण झाल्यावर अर्ध्या तासानं. वाचायला सोपं वाटतं, पण पानाशेजारी तांब्या-भांडं असलं की हात जातोच. मी घरात जेवायच्या जागेवरून पाणीच हलवलं, सगळ्यांचं.

प्रथिनांची खरी मारामारी असते. दिवसाला साठ ग्रॅम तरी हवीत आणि पोटात मावतं वाटीभर. आपलं जेवण भात-पोळीवर उभं. वाटीभर घट्ट वरणात जेमतेम सात-आठ ग्रॅम. म्हणून ताट उलटं वाढायचं: आधी पनीर, अंडं, मुगाची मऊ उसळ किंवा दही, आणि पोळी जागा उरली तर. मी चक्का बांधते आणि साखरेऐवजी मीठ-जिरं घालून खाते. पोह्यांवर चार शेंगदाणे, शेव आणि जिरावण मसाला पडला म्हणजे ते पौष्टिक झाले असं मात्र समजू नकोस. हॉस्पिटलची पावडर सुरुवातीला लागते, नाक मुरडू नको.

बायपासनंतर गोड झरकन आतड्यात उतरतं. मग घाम, धडधड, मुरडा, गरगरणं. त्याला डंपिंग म्हणतात. सगळ्यांना होतं असं नाही, मला जिलेबीनं झालं. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात अजूनही जाते, रात्री अकराला माणसं बघायला मजा येते. गराडूचा (तळलेल्या कंदाचा) एखादा तुकडा चावून-चावून खाते. शिकंजीकडे बघत नाही. इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे, ते साखरेचं आटवलेलं दूध.

आणि आग्रह. "डाएट आहे" म्हटलंस की हमखास वाढतील. "पोटाचं ऑपरेशन झालंय" एवढंच सांगायचं. खोटं नाही, आणि पुढं कुणी विचारत नाही. हळदीकुंकवाला डाळ चमचाभर घेते, पन्ह्याचा पेला तोंडाला लावून ठेवते.

प्रेषक: राजेंद्र नगर, स्लीव्हवाला

काकूंनी आधीचं आणि लगेच नंतरचं सांगितलं. मी पुढचं सांगतो, कारण ताईंनी तेच विचारलंय.

स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात. भुकेचं हार्मोन बरंचसं त्याच भागात तयार होतं, त्यामुळे पहिलं वर्ष भूक मेल्यासारखीच असते आणि वजन आपसूक उतरतं. कपडे सैल होतात, कौतुक होतं. या काळात सपोर्ट ग्रुपची गरज वाटत नाही, आणि ग्रुपला गर्दी मात्र याच लोकांची. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भूक परत डोकं वर काढते, कौतुक थांबतं, फॉलो-अपच्या तारखा चुकतात आणि काटा हळूहळू वर सरकतो. थोडं वजन बहुतेकांचं परत येतं, माझंही आलं. तेव्हा माणूस लाजून ग्रुप सोडतो. म्हणून माझं म्हणणं असं की वर्ष न झालेल्यांचं ऐका, पण विचारायचं असेल ते तीन वर्षं ओलांडलेल्याला विचारा. तो फोटो दाखवणार नाही.

मधल्या गोष्टी पटकन सांगतो. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, बहुधा परत येतात. काही आठवड्यांतच काटा एका जागी अडतो, घाबरू नका. कातडी लोंबते. दारू, विशेषतः बायपासनंतर, फार लवकर चढते आणि काहीजण जेवणाची सवय सोडून तिच्या नादी लागतात. हे कुणी बोलत नाही म्हणून लिहिलं.

पॉलिसीचंही बघा. विमा नियामक आयआरडीएआयच्या ठरवून दिलेल्या मजकुरानुसार बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त असेल, किंवा 35 वा त्यापुढे असून गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबणं), आटोक्यात न येणारा मधुमेह असे आजार असतील, आणि आधीचे साधे उपाय फसले असतील, तर कंपनी सरसकट "वजनाचं ऑपरेशन बसत नाही" म्हणू शकत नाही. वेटिंग पीरियड (पॉलिसी घेतल्यावर सुरुवातीचा जो काळ दावा चालत नाही तो) मात्र तपासा. डाएटिशियनचे, औषधांचे जुने कागद जपून ठेवा.

प्रेषक: महूचे डॉक्टर

मी बेरिॲट्रिक (वजनाची ऑपरेशनं करणारा) सर्जन नाही, साधी प्रॅक्टिस आहे. या ऑपरेशनचे रुग्ण महिन्या-दोन महिन्यांनी माझ्याकडे येतात, म्हणून दोन शब्द.

काही प्रश्न कुठल्याही ग्रुपला विचारायचे नसतात. पहिल्या दिवसांत नाडी खूप जलद, ताप, पोटात किंवा खांद्यात वाढतं दुखणं, दम लागणं: सरळ सर्जनकडे, रात्र असली तरी. टाक्याच्या रेषेतून गळती असू शकते. उलट्या थांबत नसतील तर "मलाही झालं होतं, लिंबू चोख" हा सल्ला धोक्याचा आहे. शरीरातलं थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) संपतं आणि मेंदूवर, नसांवर परिणाम होतो. बायपासवाल्यांनी अंगदुखीला मेडिकलमधून ब्रुफेन-डायक्लोफिनॅक आणू नये, जठर आणि आतडं जोडलेल्या जागी अल्सर होतो. बी-12, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व जन्मभर चालू राहतं. बरं वाटतंय म्हणून बंद करणारे मी बरेच पाहिलेत. झपाट्यानं वजन उतरताना पित्ताचे खडे होतात हेही लक्षात असू द्या. आणि ताई, मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन ऑपरेशननंतर लगेच कमी करावं लागतं. जुना डोस चालू ठेवू नका, साखर खाली जाईल.

तरुण मुलींसाठी: ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने दिवस राहू देऊ नयेत.

प्रेषक: यादी-व्यवस्थापक (ताईंकडून)

"सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काकू, दोघींना नक्की विचारा. एक शंका राहिली. सासूबाईंना सांगावं का? स्वयंपाकघर त्यांचं आहे. त्यांच्या नकळत वेगळं शिजवणं जमणार नाही, आणि सांगितलं तर अख्ख्या सुदामा नगरला कळेल."

प्रेषक: रामबागची काकू

ऑपरेशनच्या आधी सांग. नवऱ्याला बोलू दे, तू शेजारी बस. वजनाचा विषय काढू नका, साखर आणि रात्रीचं श्वास थांबणं सांगा. आईला मुलाच्या तोंडून आजाराचं नाव ऐकलेलं पटतं. मग त्यांना एक काम दे: मुगाचं वाटण, चक्का, ताक. माझ्या सासूबाईंनी पहिल्या महिन्यात माझं ताक तीनदा गाळलं. सुदामा नगरला कळायचं ते कळेलच.

प्रेषक: यादी-व्यवस्थापक

खासगीत अजून काही पत्रं आली. दोघांचं ऑपरेशन झालंय, एकाचं ठरतंय, एका सभासदांच्या पत्नीचं झालंय आणि त्यांना स्वतःला बोलायचंय. तेव्हा वेगळा छोटा ग्रुप करतोय. या यादीवरची नावं तिकडे आपोआप जाणार नाहीत. ज्यांना यायचंय त्यांनी मला लिहावं. घरचं माणूस आलं तरी चालेल. पावडरी, गोळ्या, क्लिनिकची जाहिरात टाकणाऱ्याला काढून टाकीन, ओळखीचा असला तरी. "किती उतरलं?" हा प्रश्न कुणी कुणाला विचारायचा नाही, अशी राजेंद्र नगरवाल्यांची अट आहे आणि मला ती मान्य आहे.

पहिली भेट येत्या रविवारी सकाळी, नेहरू पार्कात. दरवेळी मंडळाचा कार्यक्रम म्हटला की नाश्ता असतो, यावेळी ठेवलेला नाही. पोहे खायचे त्यांनी घरून खाऊन यावं. पाण्याची बाटली आपापली.