सल्ला हवा: कुत्र्याच्या नाका-कानावर खपल्या, डॉक्टर 'ऑटोइम्यून' म्हणतायत. सोलापुरात बायोप्सी कुठे होते?

बाळे_नाका
मंडळी, नमस्कार. आमचा शेरू. आई लॅब, बाप गल्लीतला. वय पाच, वजन अठ्ठावीस किलो. गड्ड्याची यात्रा संपता संपता त्याच्या नाकाच्या दांडीवर बारीक पिवळ्या पुळ्या आल्या. सकाळी दिसायच्या, संध्याकाळपर्यंत फुटून खपली धरायची. मग डोळ्यांभोवती, मग कानांच्या आतल्या बाजूला. आता पंजाच्या गाद्या जाड होऊन चिरल्यात, डांबरी रस्त्यावर लंगडतो. खाजवतो, पण फार नाही. दोन्ही बाजूंना अगदी सारखंच आहे, आरशात बघावं तसं.

आतापर्यंत: एका ठिकाणी लूत म्हणून इंजेक्शनं झाली. दुसरीकडे अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स झाला, फरक नाही. मग एका इंजेक्शननं चार दिवसांत चेहरा स्वच्छ झाला, आम्ही खूश, पण महिन्याभरात सगळं दुप्पट होऊन परत. ते कसलं होतं हे कागदावर लिहून दिलेलं नाही. आता नवीन डॉक्टर म्हणतात, हा ऑटोइम्यून प्रकार वाटतोय, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उलटलीय, एक तर बायोप्सी करा नाहीतर आयुष्यभर स्टेरॉइडची तयारी ठेवा.

सोलापुरात बायोप्सी होते का? की पुणे-मुंबई गाठावं लागेल? या गोळ्यांनी कुत्रं टिकतं का? आई कडुनिंबाचं तेल लावा म्हणते, शेजारचे गॅरेजवाले वेगळंच काही सांगतात.

एमएच१३_भाऊ
गॅरेजवाले बरोबर सांगतेत की ओ. आमच्या वस्तीवरचं कुत्रं जळक्या ऑइलनं खडखडीत बरं झालं. दोनदा लावलं, बास. डॉक्टर लोक उगं हजारो घालवायला लावतेत.

मनीची_आई
भाऊ, असले सल्ले देऊ नका हो. कुत्रं ते चाटतं. कातडी भाजते, पोटात जातं, लिव्हर-किडनी जाते. ज्यांची मेली त्यांचा धागा कोणी काढत नाही.

बाळे_नाका, आमच्या मांजरीला हेच होतं. पेम्फिगस. कानांवर खपल्या होत्याच, पण आमचं निदान नखांमुळे लागलं. नखाच्या मुळाशी दाबलं की दह्यासारखा घट्ट पू यायचा, तो पण जवळजवळ सगळ्या बोटांतून. एका बोटाला झालं तर जखम म्हणता येते, सगळ्या बोटांना एकदम कशी होईल? आमच्या डॉक्टरांना तिथंच शंका आली. आता ती कमी डोसवर छान आहे, पडद्यावर चढते. डॉक्टरांचं नाव खाजगी निरोपात (व्यनि) पाठवलंय, इथे जाहीर लिहीत नाही.

खूर_ते_नख
जिल्ह्यातच प्रॅक्टिस करतो. निम्मा दिवस गाई-म्हशीत, संध्याकाळी कुत्री-मांजरं. न बघता निदान करणार नाही, पण तुमचं वर्णन पेम्फिगस फोलिएशियसशी चांगलंच जुळतं. कुत्र्या-मांजरांच्या ऑटोइम्यून त्वचारोगांत सगळ्यांत जास्त आढळतो तो हाच. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी ज्या सांध्यांनी एकमेकींना धरून असतात, त्या सांध्यांवरच प्रतिकारशक्ती उलटते. पेशी सुट्या होतात, त्या फटीत पू भरतो, पुळी येते. वरचं आवरण इतकं पातळ की पुळी काही तासांत फुटते, आणि आमच्या टेबलावर येईपर्यंत नुसती खपली उरते. लूत, गजकर्ण, जिवाणूंचा संसर्ग आणि पेम्फिगस, चारही जण खपली धरून आले की डोळ्यांना एकच. त्यामुळे आधी लुतीचा उपचार झाला यात नवल नाही. मात्र त्याआधी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली होती का, हे विचारा. खरवडून न बघता स्टेरॉइड टोचलं आणि आत खरंच लूत असली, तर ती फोफावते.

आता बायोप्सी. तिच्या आधी काचपट्टी, म्हणजे स्लाइड. सकाळी ताजी पुळी दिसली की त्याच दिवशी उचलून दवाखान्यात न्या. बारीक सुईनं पुळी फोडायची, पू काचेवर टेकवायचा, रंग द्यायचा, बघायचं. पुळी नसेल तर ओली खपली उचलून तिच्याखाली काच दाबायची. पूपेशींच्या गर्दीत गोल, सुट्या झालेल्या कातडीच्या पेशी दिसल्या आणि जिवाणू दिसले नाहीत, तर संशय बळावतो. जिवाणू भरपूर असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त, मग पुढचं. ही तपासणी सोलापुरात कुठेही व्हायला हवी, तिला मोठं हॉस्पिटल लागत नाही. माझा स्पष्ट सल्ला: डॉक्टर निवडताना पाटी आणि एसी बघू नका, 'स्लाइड करता का' एवढं फोनवर विचारा.

एक मेख आहे. गजकर्णाच्या बुरशीची एक जात अशाच सुट्या पेशी दाखवते. म्हणून बुरशीचं कल्चर लावतात, म्हणजे नमुना लॅबमध्ये ठेवून बुरशी उगवते का ते बघतात, त्याला दोन-तीन आठवडे लागतात, आणि बायोप्सीतही बुरशीसाठी वेगळा रंग करायला सांगतात. बुरशी असताना प्रतिकारशक्ती दाबली की काय होईल, ते सांगायला नको.

बायोप्सी घेताना जागा घासून साफ करायची नाही. स्पिरिट नाही, बेटाडिन नाही, वस्तरा नाही. केस फक्त कात्रीनं हलके कापायचे. आम्हाला कॉलेजपासून 'आधी स्वच्छ करा' हेच शिकवलेलं असतं, हात आपोआप स्पिरिटच्या बोळ्याकडे जातो, पण या आजारात पुरावा खपलीतच असतो. ती पुसली की पॅथॉलॉजिस्टकडे जाते रिकामी कातडी आणि रिपोर्ट येतो 'जुनाट दाह'. सहा-आठ मिलिमीटरच्या पंचनं (कातडीचा गोल तुकडा कापणारं हत्यार) तीन-चार ठिकाणांहून तुकडे घ्यायचे, शक्यतो एखादी अख्खी पुळी त्यात यायला हवी. सुटलेली खपलीही त्याच बाटलीत टाकायची आणि चिठ्ठीवर लिहायचं, 'खपली सोबत आहे, तीही कापा'. आधी काय-काय औषधं झाली तेही लिहायचं.

आणि कुत्रा पुण्याला न्यायची गरज नाही. बाटली जाते. दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये तुकडे बुडालेले असले की बर्फसुद्धा लागत नाही. तुकडे कोणताही सरावाचा पशुवैद्य भूल देऊन काढू शकतो. वाचणारा मात्र जनावरांच्या कातडीला सरावलेला हवा. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय, मुंबईत परळचं, उदगीरचं, पलीकडे कर्नाटकात बिदरचं, या सगळ्या शिक्षणसंस्था आहेत. खाजगी लॅबपण आहेत. नमुना पाठवण्याआधी फोन करून घ्या.

तुमच्या त्या बिनकागदी इंजेक्शनचा सुगावा काढा. लांब टिकणारं स्टेरॉइड असेल तर त्याचा असर सहा-आठ आठवडे बायोप्सीला धूसर करतो. गोळ्या असत्या तर दोन-तीन आठवड्यांवर भागलं असतं. अर्थात नवीन पुळ्या जोमात येत असतील, कुत्र्याला ताप असेल, खाणं सोडलं असेल, तर एवढं थांबायचं नसतं. आहे त्या स्थितीत तुकडा घ्यायचा.

रेल्वेलाइन्स_जर्मन
आमच्या जर्मन शेफर्डचं थोडं वेगळं होतं, नंतर कोणी शोधत आलं तर उपयोग होईल म्हणून लिहितो. त्याच्या नाकाच्या शेंड्याचा काळा रंग उडाला. आधी राखाडी, मग गुलाबी. कुत्र्याचं नाक बारीक खडबडीत असतं ना, ते सपाट गुळगुळीत झालं, मग चिरा पडून रक्त. डिस्कॉइड ल्युपस निघालं, तोही ऑटोइम्यूनच. खपल्या फारशा नाहीत, अंगावर कुठे काही नाही, सगळा खेळ नाकावर. आधी काही आठवडे अँटिबायोटिक देऊन बघितलं, कारण एक प्रकारचा जिवाणूसंसर्ग हुबेहूब असाच दिसतो म्हणे. मग टॅक्रोलिमसचं (प्रतिकारशक्ती दाबणारं) मलम, सोबत डॉक्सिसायक्लिन आणि नायसिनामाइड ही पोटात घ्यायची औषधं. मोठं स्टेरॉइड लागलंच नाही.

मलम लावल्यावर चाटू नये म्हणून लगेच जेवण द्यायचं, तेवढ्या वेळात मुरतं. लावणाऱ्यानं हातमोजे घालायचे.

उन्हानं हा आजार चिडतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर, तेव्हा फिरणं सूर्य उगवायच्या आत आणि अंधार पडल्यावर. कंबर तलावाकडे संध्याकाळी पाचला नेणं बंद केलं. माणसांचं सनस्क्रीन लावू नका, बऱ्याच क्रीममध्ये झिंक असतं आणि ते चाटून विषबाधा होते.

अवांतर: सोलापुरात हस्की पाळणाऱ्यांनी डोळ्यांकडे लक्ष ठेवा. हस्की आणि अकिता जातींत डोळे लाल होऊन नंतर नाक-ओठांचा रंग जाण्याचा एक प्रकार असतो. त्यात कातडी नंतर, आधी दृष्टी जाते. डोळे लाल दिसले की त्याच दिवशी दवाखाना.

बाळे_नाका
सगळ्यांचे आभार. @खूर_ते_नख, त्या इंजेक्शनचं विचारलं. लांब टिकणारंच होतं, पण त्याला आता दोन महिने होऊन गेलेत. काल सकाळी कानात तीन ताज्या पुळ्या सापडल्या, तसंच गाडीत घालून नेलं. स्लाइडमध्ये तुम्ही म्हणालात तशा गोल पेशी आहेत, जिवाणू नाहीत. खरवडून बघितलं, लूत नाही. बुरशीचं कल्चर लावलंय. बायोप्सी परवा, डॉक्टरांना बोळ्याचं आधीच सांगून ठेवलंय, ते हसले. आता पुढच्या औषधांचं सांगा. मेडिकलवाला म्हणतो, अॅझाथायोप्रिन किडनी बदललेल्या माणसांना देतात. घरी सगळे घाबरलेत.

मनीची_आई
अॅझाथायोप्रिन मांजरीला अजिबात चालत नाही हं! मांजरवाले कोणी वाचत असतील तर लक्षात ठेवा, रक्त तयार होणंच बंद पडतं. आमच्या मनीला प्रेडनिसोलोन, ते पण 'सोलोन'च, 'सोन' (प्रेडनिसोन) नाही. मांजरीच्या शरीरात दुसऱ्याचं पहिल्यात नीट रूपांतर होत नाही. मेडिकलवाल्यानं 'एकच आहे ताई' म्हणून दिलं तर घेऊ नका.

खूर_ते_नख
मनीच्या आई, शंभर टक्के बरोबर.

बाळे_नाका, मेडिकलवाला खरं सांगतोय. प्रतिकारशक्ती दाबायची म्हटल्यावर औषधं तीच. साधारण रीत अशी: सुरुवातीला प्रेडनिसोलोन दिवसाला किलोमागे दोन मिलिग्रॅमच्या आसपास. शेरूला किती, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. नवीन पुळ्या पूर्ण थांबून दोनेक आठवडे गेले की डोस टप्प्याटप्प्यानं, पाव-पाव भागानं, उतरवायचा. एकट्या स्टेरॉइडवर भागत नसेल किंवा डोस खाली येत नसेल, तर अॅझाथायोप्रिन किंवा सायक्लोस्पोरिन जोडतात. पहिलं स्वस्त, पण सावकाश चढतं आणि सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी रक्तपेशी आणि लिव्हर तपासावं लागतं. दुसरं महाग, उलट्या-जुलाब करतं, पण रक्ताला सांभाळून असतं. औषध सुरू करण्याआधी गोचीड तापाची तपासणी जरूर करून घ्या. आपल्याकडे गोचीड बारमाही, आणि तो जंतू आत लपलेला असताना प्रतिकारशक्ती दाबली की दुसरंच संकट उभं राहतं.

घरात काय दिसेल तेही सांगतो. पाण्याचं भांडं दिवसातून चारदा भराल. रात्री लघवीला उठवेल, अंगणात सोडा, रागावू नका. आणि भूक! आमच्याकडे एका लॅबनं डब्यासकट कडक भाकरी संपवल्या होत्या. मोजून द्या, मागितलं म्हणून वाढवू नका. धापा टाकेल, पोट सुटेल, मांड्या बारीक होतील. डोस उतरला की यातलं बरंचसं परत फिरतं. पण चेहरा स्वच्छ दिसला म्हणून गोळी मनानं एकदम बंद करायची नाही. शरीरानं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं, कुत्रं कोसळू शकतं.

'आयुष्यभर' म्हणाल तर काहींना अगदी कमी डोस एक दिवसाआड कायम लागतो, काहींची औषधं पूर्ण सुटतात. कुणाचं काय होईल ते सहा महिन्यांत कळायला लागतं.

एमएच१३_भाऊ
बरं डॉक्टर, जळकं ऑइल नको तर कडुनिंबाचं तेल तरी चालतंय का? बाळे_नाकाच्या आईंनी पण तेच म्हटलंय.

खूर_ते_नख
नको, भाऊ. तेल लावलं की ताजी पुळी दिसतच नाही, खपली मऊ होऊन गळते आणि बायोप्सीचा पुरावा जातो. निदान झाल्यावरही फायदा शून्य, कारण आजार आतून येतो. चिरलेल्या गाद्यांवर काही लावायचंच असेल तर डॉक्टर देतील ते.

आणि बाळे_नाका, शेरू लंगडतोय म्हणून घरातली दुखण्याची गोळी देऊ नका. स्टेरॉइडसोबत ती गेली की पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होतो. शेण काळं, डांबरासारखं दिसलं तर त्याच रात्री फोन करा, सकाळची वाट बघू नका.

बाळे_नाका
शेण नाही ओ डॉक्टर, शी म्हणा, कुत्रं आहे 😄 पण समजलं. फ्रीजवर चिकटवतो. बायोप्सीचा रिपोर्ट आला की इथेच टाकतो.