मेमोरियल डेच्या सुट्टीत आईवडिलांना घेऊन कोमाल नदीत ट्यूबिंग: बेत कसा आखावा?

कृष्णाकाठ (ह्यूस्टन)

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे येतो आणि त्याला जोडून शनिवार-रविवार मिळतात. त्या तीन दिवसांत टेक्सासमधल्याच न्यू ब्राउनफेल्स या गावी जाऊन नदीत ट्यूबवर तरंगण्याचा बेत आम्ही करीत आहोत. आम्ही सहाजण आहोत: आम्ही दोघे, अकरा आणि सात वर्षांची मुले, आणि साताऱ्याहून गेल्याच महिन्यात आलेले माझे आईबाबा. बाबांचे वय एकाहत्तर आहे. लहानपणी ते पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून माहुलीच्या संगमावर पोहायला शिकले आणि पुढे ट्रकच्या जुन्या ट्यूबवर बसून कृष्णा ओलांडत असत, त्यामुळे "यात शिकायचे काय आहे?" असे ते म्हणतात. आईला मात्र पोहता येत नाही, तिचे गुडघे दुखतात, आणि "तुम्ही सगळे जा, मी काठावर डबे सांभाळत बसते" असे तिने आधीच जाहीर केले आहे. तिने काठावर बसून राहू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे, पण तिला गर्दीत आणि पाण्यात नेऊन घाबरवायचेही नाही.

तेथील कोमाल आणि ग्वाडालूप या दोन नद्यांपैकी कोणती निवडावी, तीन दिवसांपैकी कोणता दिवस आणि कोणती वेळ बरी, खाण्यापिण्याचे काय नेता येते आणि आईला पाण्यात उतरवावे की नाही, याविषयी ज्यांनी हे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अळूचं पान (सॅन अँटोनियो)

आम्ही चौदा वर्षे येथे राहतो आणि दर उन्हाळ्यात एकदा तरी कोमालमध्ये उतरतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

तुमच्या कुटुंबासाठी कोमालच योग्य आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. ही नदी जेमतेम अडीच मैलांची, म्हणजे चार किलोमीटरची आहे. लांडा पार्कमधल्या झऱ्यांतून ती उगम पावते आणि गावातल्या गावातच ग्वाडालूपला मिळते. झऱ्याचे पाणी असल्यामुळे ते बाराही महिने साधारण बावीस अंश सेल्सियस असते आणि पाऊस नसेल तर इतके नितळ असते की ट्यूबवरून खाली पाहिले तर पाणवनस्पती प्रवाहाच्या दिशेने केस विंचरल्यासारख्या आडव्या झालेल्या दिसतात. ग्वाडालूपचे तसे नाही. गावाच्या वरच्या अंगाला तिच्यावर 1964 साली पूर्ण झालेले कॅन्यन धरण आहे आणि त्याच्या तळाकडून सोडलेले पाणी थंडगार असते. विसर्ग किती आहे त्यावर त्या नदीचे सगळे अवलंबून असते. आपल्याकडे पावसाळ्यात कोयनेच्या बातम्यांत जे क्युसेक ऐकतो, तेच येथे जाण्यापूर्वी पाहावे लागतात. विसर्ग शंभर क्युसेकच्या आसपास असला तर ट्यूब दगडांवर अडकते आणि ती काखेत घेऊन चालावे लागते, आणि विसर्ग फार वाढला तर ट्यूबिंग बंद केले जाते. तुमच्या आईच्या गुडघ्यांना गोट्यांवरून चालणे जमणार नाही.

आणखी एक फरक सुट्टीच्या दिवसांत जाणवतो. न्यू ब्राउनफेल्सच्या हद्दीत नदीवर एकदा वापरून फेकायची भांडी, म्हणजे कॅन, बाटल्या, कागदी व प्लास्टिकचे पेले, नेण्यास मनाई आहे. हा नियम 2011 साली गावकऱ्यांनी मतदान करून आणला, पुढे न्यायालयात तो रद्द झाला आणि 2017 साली अपिलात पुन्हा लागू झाला. ग्वाडालूपचा रिव्हर रोडलगतचा भाग गावाच्या हद्दीबाहेर असल्यामुळे तेथे हा नियम लागत नाही, आणि म्हणून बिअरचे कॅन घेऊन मौजमजा करणारे मोठे गट तिकडे वळतात. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही, पण सात वर्षांच्या मुलाला आणि आजीला त्या गोंगाटात नेऊ नये असे मला वाटते.

आता वेळेविषयी, कारण सुट्टीचा दिवस चांगला जातो की वाईट, हे पाण्यात किती वाजता उतरलो त्यावर ठरते. तीन वर्षांपूर्वी आम्ही याच सुट्टीच्या शनिवारी दुपारी बारा वाजता उतरलो. प्रिन्स सॉल्म्स पार्कजवळ एक छोटा बांध आहे आणि त्याच्या कडेने ट्यूब खाली सोडण्यासाठी काँक्रीटची घसरण बांधलेली आहे, तिलाच येथे ट्यूब शूट म्हणतात. त्या तोंडाशी शेकडो ट्यूब एकमेकींना चिकटून थांबल्या होत्या, इतक्या की मधले पाणी दिसत नव्हते. आम्ही पाऊण तास कमरेइतक्या पाण्यात उभे होतो. वरून ऊन भाजत होते आणि खाली बावीस अंशांचे पाणी होते. माझ्या धाकट्याचे ओठ निळे पडले आणि तो बोलेनासा झाला, तेव्हा त्याला उचलून काठावर नेऊन टॉवेलात गुंडाळावे लागले. त्यानंतर आम्ही ट्यूब भाड्याने देणारी दुकाने उघडतात त्या वेळी, म्हणजे नऊच्या सुमारास, पहिल्या काही लोकांत उतरतो आणि साडेअकरा-बाराच्या आत बाहेर पडतो. त्या वेळेला तोच शूट दोन मिनिटांत पार होतो.

दिवसांपैकी शनिवार टाळा. सोमवारी दुपारनंतर आय-35 महामार्गावर परतणाऱ्यांची रांग लागते, पण तुम्हाला सेगीनहून आय-10 ने जायचे असल्यामुळे तो त्रास कमी होईल. माझ्या मते रविवारची सकाळ उत्तम. ट्यूबांचे आरक्षण मात्र आत्ताच करा, आणि करताना मुलांसाठी व आईंसाठी तळ असलेल्या ट्यूब मागून घ्या. मधोमध मोकळे भोक असलेल्या ट्यूबमधून लहान मूल खाली सरकते.

गाडी रहिवासी गल्ल्यांत लावू नका, तेथे परवाना लागतो आणि गाडी उचलून नेतात. ज्या दुकानातून ट्यूब घ्याल त्यांच्याच आवारात जागा मिळते का, ते आरक्षणाच्या वेळी विचारा.

घाटमाथा (ऑस्टिन)

वरचा प्रतिसाद वाचून बहुतेक सर्व मुद्दे आले असे वाटले. मी केवळ आईंविषयी लिहितो, कारण दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंना, ज्यांना पोहता येत नव्हते आणि ज्यांनी आयुष्यात नऊवारीशिवाय काही नेसले नव्हते, आम्ही कोमालमध्ये नेले होते.

ट्यूबवर तरंगणे अजिबात अवघड नाही. चढणे आणि उतरणे अवघड आहे. ट्यूब पाण्यात गुडघाभर खोल जागी धरायची, एकाने मागून घट्ट पकडायची, आणि बसणाऱ्याने खुर्चीत बसतो तसे पाठमोरे होऊन हळूच बूड टेकायचे. पुढून चढण्याचा प्रयत्न केला की ट्यूब उलटते. काळ्या रबराची ट्यूब उन्हात तव्यासारखी तापते, म्हणून बसण्यापूर्वी तिच्यावर दोन-तीन वेळा पाणी मारा. ट्यूबवरून उतरण्याच्या जागी पायऱ्या आहेत, पण प्रवाह तेथे जोरात ओढतो. तेव्हा तुमच्यापैकी एकाने आधी उतरून पायरीवर उभे राहावे आणि आईंची ट्यूब हाताने काठाकडे खेचून घ्यावी. शेवटची उतरण्याची जागा चुकली तर पुढे ग्वाडालूपचा संगम येतो, म्हणून तिची पाटी कोठे आहे हे सकाळी गाडीतून जाताना सर्वांना दाखवून ठेवा.

लाइफ जॅकेट आईंनी, मुलांनी आणि, थोडे रागावले तरी, बाबांनीही घालावे. संगमावर पोहलेला माणूस पाण्याला घाबरत नाही, हे खरे आहे, पण पन्नास वर्षांत हातापायांतली ताकद बदललेली असते आणि गर्दीत वरून दुसऱ्याची ट्यूब आली तर पोहायला जागाच राहत नाही. मुलांच्या मापाचे जॅकेट दुकानात संपलेले असते, ते घरूनच न्या. एकमेकांच्या ट्यूब दोरीने बांधायच्या असतील तर दोन-दोनच बांधा आणि शूटच्या बऱ्याच आधी सोडा. आईंना शूटमधून नेण्याचा आग्रह धरू नका. कडेने चालत जाऊन खाली पुन्हा पाण्यात उतरता येते आणि बरेच लोक तसे करतात.

कपड्यांविषयी आमच्या घरी फार चर्चा झाली होती. शेवटी सासूबाईंनी गडद रंगाचा, अंगाबरोबरचा पोहण्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लेगिंग घातले. ओढणी, सैल सलवार किंवा साडी पाण्यात पायांना गुंडाळते, ती नकोच. पायांत जुने बूट किंवा मागे पट्टा असलेले सँडल हवेत. साध्या चपला पहिल्या वळणावरच वाहून जातात. चष्म्याला मागून दोरी बांधा. गाडीची रिमोटची किल्ली भिजली की बंद पडते, ती दुकानात ठेवून घेतात का ते विचारा. रक्तदाबाची सकाळची गोळी घेऊन आणि पोटभर खाऊनच निघा.

डब्यांविषयी मात्र काळजीच नको, कारण या गावाचा नियम आपल्या स्वयंपाकघरासाठीच केला आहे असे मला नेहमी वाटते. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, स्टीलच्या बाटलीत ताक, आणि हे सारे झाकण पक्के बंद होणाऱ्या छोट्या कूलरमध्ये ठेवा. झाकण बंद न होणारा कूलर तेथे चालत नाही, कारण तो उलटला की सगळा कचरा नदीत जातो. थर्माकोलचाही नेऊ नका.

सासूबाई पहिली दहा मिनिटे माझ्या बायकोचा हात सोडायला तयार नव्हत्या. सायप्रसच्या झाडांच्या सावलीत पाणी संथ झाले तेव्हा त्यांनी हात सोडला, बोटे पाण्यात बुडवली आणि बराच वेळ कोणाशी काही बोलल्या नाहीत. घरी परतल्यावर त्यांनी गावी फोन करून पहिल्यांदा सांगितले ते हेच, की पाण्यातली झाडे दिसत होती.

कृष्णाकाठ (ह्यूस्टन)

दोघांचेही मनापासून आभार. आईला हे सर्व वाचून दाखवले आणि लेगिंगच्या मुद्द्यावर ती थांबली असली तरी नाही म्हणालेली नाही. दोन शंका राहिल्या आहेत. अलीकडे पाऊस कमी झाल्याने कोमालचे पाणी घटले आहे असे ऐकतो, ते कितपत खरे? आणि गेल्या काही वर्षांतल्या पुरांच्या बातम्यांमुळे बाबा टीव्हीवर हवामान पाहून मला विचारत असतात, त्यांना काय सांगू?

पाणकळा (सॅन मार्कोस)

दोन्ही शंका रास्त आहेत, आणि दुसरीविषयी तर बाबांचेच ऐकावे असे मी म्हणेन.

पाण्याविषयी आधी. कोमालचे झरे एडवर्ड्स नावाच्या भूजलसाठ्यातून येतात. सॅन अँटोनियोसारखे मोठे शहर आणि आसपासची शेती याच साठ्यातून पाणी उपसतात, त्यामुळे दुष्काळ पडला की झरे मंदावतात. 1956 साली ते काही महिने पूर्णपणे थांबले होते. सर्वसाधारणपणे झऱ्यांचा प्रवाह तीनशे क्युसेकच्या जवळपास असतो, पण अलीकडच्या कोरड्या उन्हाळ्यांत तो शंभरच्याही खाली गेला. अशा वेळी नदी बंद होत नाही, फक्त संथ होते आणि तेच अंतर कापायला तास-दीड तास जास्त लागतो. आईंसाठी हे वाईट नाही, पण मुलांच्या भुकेचा आणि उन्हाचा हिशेब त्याप्रमाणे करा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर कोमालचा त्या क्षणाचा प्रवाह दिसतो, तो आदल्या रात्री पाहा.

पुराविषयी मला थोडे गंभीरपणे लिहावे लागेल. 2015 साली याच मेमोरियल डेच्या सुट्टीत, शनिवारच्या रात्री, येथून जवळच्या विम्बर्लीत ब्लँको नदीला इतका पूर आला की पाणी चाळीस फुटांच्या वर चढले आणि सुट्टीसाठी राहायला आलेल्या कुटुंबांसह घरे वाहून गेली. 2025 सालच्या 4 जुलैला, तीही सुट्टीच, ग्वाडालूपच्या वरच्या खोऱ्यात पहाटेच्या अंधारात आलेल्या पुराने शंभराहून अधिक माणसे गेली. येथली जमीन चुनखडीची आणि मातीचा थर पातळ, त्यामुळे पाऊस मुरत नाही, थेट ओढ्यांत उतरतो. कोमाल झऱ्याची असली तरी ड्राय कोमाल क्रीक हा ओढा गावातच तिला मिळतो. एरवी नावाप्रमाणे कोरडा असलेला हा ओढा वर पाऊस झाला की नदीचा रंग तासाभरात बदलतो. पाणी गढूळ झाले किंवा वेग वाढला तर पालिका नदी ट्यूबसाठी बंद करते. तेव्हा शनिवारी रात्री आणि रविवारी सकाळी निघण्यापूर्वी हवामान खात्याचा पुराचा इशारा पाहा, आणि इशारा असेल तर ट्यूबच्या पैशांचा विचार न करता बेत बदला. मुक्काम करणार असाल तर नदीकाठची सखल जागा घेऊ नका आणि फोनवरचे इशाऱ्याचे आवाज रात्री बंद ठेवू नका.

बेत बदललाच तर सॅन मार्कोसला या, वाटेवाकडे असले तरी अर्ध्या तासाच्या आतच आहे. येथील विद्यापीठाच्या आवारातल्या स्प्रिंग लेकवर काचेच्या तळाच्या नावा चालतात. तळातून वाळू उसळवीत वर येणारे झरे बसल्या जागी दिसतात, गुडघे भिजतही नाहीत. पाऊस जोराचा असेल तर त्याही बंद असू शकतात, तेव्हा फोन करून या.

कृष्णाकाठ (ह्यूस्टन)

तर असे ठरवले आहे: रविवार, सकाळी नऊ, कोमाल, तळ असलेल्या चार ट्यूब आणि साध्या दोन. शनिवारी दुपारी निघून सेगीनला मुक्काम करू, म्हणजे सकाळी घाई होणार नाही. शूट बाबा आणि मोठी मुलगी पार करतील, आई आणि मी धाकट्याला घेऊन कडेने चालत येऊ. आईने लेगिंग घालण्याचे मान्य केले आहे, मात्र वरून गुडघ्याइतका कुडता हवा अशी तिची अट आहे. ते चालेल का?

घाटमाथा (ऑस्टिन)

चालेल, पण सुती नको, तो भिजून जड होतो. कुडत्याचे घेर लाइफ जॅकेटच्या आत खोचून वरून पट्टे आवळा, आणि ट्यूबवर बसण्यापूर्वी एकदा गुडघाभर पाण्यात त्यांना चालवून पाहा.