मदत हवी आहे: रखडलेलं सॉफ्टवेअर थांबवायचं कसं?

नमस्कार मंडळी. जळगाव जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये हिशेब बघतो. कापूस खरेदीचं नवं सॉफ्टवेअर अजून वजनकाट्याशी जुळत नाही. काट्यावरचा माणूस पावती हातानेच लिहितो आणि रात्री पोरं ती कॉम्प्युटरमध्ये भरत बसतात. तरी साहेब म्हणतात, एवढा पैसा गेलाय, आता मागे कसं फिरायचं? अहो, गेलेला पैसा दोन्हीकडून गेलाच ना!

व्यवस्थापनाचे अमेरिकन अभ्यासक बॅरी स्टॉ यांच्या १९७६ च्या प्रयोगात हेच दिसलं: पहिला निर्णय ज्याचा, तोच तोट्यानंतर जास्त पैसे ओततो. अमेरिकेतल्या डेन्व्हर विमानतळाची स्वयंचलित सामान यंत्रणा फसली, उद्घाटन १६ महिने लांबलं, तरी ती २००५ पर्यंत ओढली.

साहेब माणूस चांगला आहे, चारचौघांत त्यांचा शब्द खाली पडू नये. पण हंगाम तोंडावर आलाय. कुणी असा प्रकल्प थांबवलाय का? मालकांपुढे विषय कोणी काढला, आणि कसा?