अनुभव : आर्सेनलचा मॅनेजर आर्सेन वेंगर क्लब सोडून गेला तेव्हा तुम्ही कुठल्या बाजूला होतात?

रामबागकर
परवा भाचा आर्सेनलचा, लंडनच्या आपल्या फुटबॉल क्लबचा, शर्ट घालून घरी आला. वेंगरनंतरच्या, मॅनेजर आर्टेटाच्या काळातला भक्त आहे तो. पोहे खाता खाता म्हणाला, "मामा, वेंगरला तर तुम्ही लोकांनीच हाकललं ना?" तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून हा धागा. इंदूरमध्ये आर्सेनलवाले बरेच आहेत, मराठी तर नक्कीच आहेत. लिहा आपापलं.

माझं मत आधीच सांगतो. लोक २००३-०४ चा अपराजित संघ आठवतात. ३८ सामने, २६ विजय, १२ बरोबरी, हार एकही नाही. पण मला त्याची खरी कमाई वाटते ती २००६ नंतरची कोरडी वर्षं. जुन्या मैदानात, हायबरीत, जेमतेम ३८ हजार माणसं मावायची. नवं मैदान ६० हजारांचं, खर्च ३९ कोटी पौंडांच्या घरात. त्या कर्जापायी दर उन्हाळ्यात एखादा हिरा विकायचा. २००७ ला ऑन्री, २०११ ला फाब्रेगास, २०१२ ला व्हॅन पर्सी, तोही थेट मँचेस्टर युनायटेडला! आणि तरी हा माणूस दरवर्षी लीगमध्ये पहिल्या चारांत. युरोपातल्या बड्या क्लबांची चॅम्पियन्स लीग सलग १९ हंगाम. समोर चेल्सी आणि मँचेस्टर सिटी हे क्लब पैसा ओतत होते. स्ट्रासबूर्गला अर्थशास्त्र शिकलेला होता, कर्ज म्हणजे काय ते त्याला कळत होतं. क्लब उभा राहिला तो त्याच्या जिवावर. अशा माणसाच्या नावाने विमानामागे फलक लावून "चालता हो" म्हणायचं? मला ते अजून सहन होत नाही.

लाल_सैतान_इंदौरी
८-२

रामबागकर
आलास का. तुझीच वाट बघत होतो.

लाल_सैतान_इंदौरी
अरे पण मी चिडवायला नाही आलो, शप्पथ. २८ ऑगस्ट २०११, रविवार, आमच्या युनायटेडने तुम्हाला ८-२ हरवलं तो दिवस. गणपती चार दिवसांवर, आमच्याकडे मखराला थर्माकोल कापणं चालू, हाताला फेविकॉल. सहावा गोल झाला तेव्हा काकांनी कात्री खाली ठेवली आणि म्हणाले, आता बास, बिचाऱ्या वेंगरचा चेहरा बघवत नाही. काका माझ्याहून कट्टर युनायटेडवाले. वेंगर आमच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, शेवटचा आला तेव्हा आमचा जुना मॅनेजर फर्ग्युसनने मैदानात येऊन त्याला भेट दिली, तेव्हाचा मॅनेजर मोरिन्हो पण बाजूला उभा. ज्याच्याशी आयुष्यभर भांडलो त्याला असा निरोप द्यायचा असतो. आमच्याकडून त्याला मान आहे, तुमच्यातल्याच काहींकडून नव्हता.

जिरावण
हे बरोबर बोललास भिया

सुदामानगरची_ताई
मी माझ्या दादामुळे बघायला लागले. आता तो अमेरिकेत, मी इथेच. २००४ चा एप्रिल कुणाला आठवतो? मध्य प्रदेशात तेव्हा लाइटचा काय खेळखंडोबा होता ते नव्या पोरांना सांगून खरं वाटत नाही. टॉटनहॅमच्या मैदानावर एक गुण मिळाला की लीग आपली. हाफटाइमला २-० पुढे, व्हिएरा आणि पिरेसचे गोल. आई म्हणाली चला जेवायला, आणि लाइट गेली. संपूर्ण गल्ली काळी. दादाने लँडलाइनवरून तिलकनगरच्या मित्राला फोन लावला, त्यांच्याकडे कपात दुसऱ्या वेळेला असायची. रिसीव्हर मधे धरून आम्ही दोघं कान लावून. तो मित्र घाबरा माणूस, नुसता "अरे अरे अरे" करायचा, कुणाकडे बॉल आहे ते सांगायचाच नाही! २-१ झालं. मग शेवटच्या मिनिटांत "पेनल्टी, पेनल्टी" ओरडला आणि त्याच्या आईने फोन ठेवायला लावला. दादाने परत फिरवला तर एंगेज. निकाल कळला तो लाइट आल्यावर, २-२, लीग आपली. मेणबत्ती हातात घेऊन दादा अंगणात धावत होता.
वेंगरबद्दल काय लिहू. घरातला माणूस वाटायचा तो.

पीटी_सर
ताई 👌
मी शाळेत खेळ शिकवतो, म्हणून माझं जरा वेगळं. वेंगर जपानमधून, नागोयाहून १९९६ ला आला तेव्हा इंग्लंडमध्ये सरावानंतर दारू आणि तळलेलं खाणं सर्रास होतं. याने उकडलेलं चिकन, भाज्या, स्ट्रेचिंग सुरू केलं. पहिल्याच सामन्याला जाताना चॉकलेट बंद, तर खेळाडूंनी बसमध्ये चॉकलेटसाठी गाणं लावलं असं सांगतात. पण परिणाम बघा. टोनी ॲडम्ससारखा दारूतून बाहेर पडलेला बचावपटू पस्तिशीत २००२ ची दुहेरी, म्हणजे एकाच हंगामात लीग आणि एफए कप, जिंकून गेला. १९९८ ला एव्हर्टनविरुद्ध त्याने डाव्या पायाने मारलेला गोल मी पोरांना अजून दाखवतो. सेंटर हाफ इतक्या पुढे धावतोय, कारण कोचने त्याला सांगितलं की तुलाही खेळता येतं.
आमची पोरं सकाळी सरावानंतर सरळ कचोरीच्या गाडीवर. काय करणार, इंदूर आहे.

जिरावण
सर कचोरीला नावं नको ठेवू 😀 बाय द वे सराफ्यात गराडू सुरू झाले का कुणी सांगेल का? घरी पाहुणे येतायत नागपूरहून

सुदामानगरची_ताई
थंडी पडू दे की आधी. तोवर भुट्ट्याचं कीस खाऊ घाल.

तोफखाना४९
सगळे गोड गोड लिहितायत म्हणून मी लिहितो. मी वेंगर आउटवाला होतो आणि आजही तेच म्हणेन. २०१० पर्यंत देव. त्यानंतर? व्हिएरा आणि जिल्बर्टो गेल्यावर मधल्या फळीत तसा राखणदार आणलाच नाही. चॅम्पियन्स लीगमध्ये सलग सात वर्षं शेवटच्या १६ मध्ये बाहेर. २०१७ ला बायर्न म्युनिकने आपल्याला दोन्ही सामन्यांत ५-१ हरवलं, बेरीज १०-२. दर फेब्रुवारीत तीच कथा, दर फेब्रुवारीत मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात मान खाली घालून. कर्जाचं कारण २०१३ पर्यंत मान्य. त्याच वर्षी ओझिलसाठी ४ कोटींच्या वर पौंड मोजले की! पैसा आला होता, विचार जुना राहिला होता. प्रेम आहे म्हणूनच राग होता. ज्यांना प्रेम नव्हतं ते टीव्ही बंद करून झोपले.

रामबागकर
रागाबद्दल तक्रार नाहीच रे. विमानाबद्दल आहे.

तोफखाना४९
विमान मलाही नाही पटलं.

नारायणबाग_नातू
मी लहान आहे तुमच्यापेक्षा, मला २००६ ची पॅरिसची चॅम्पियन्स लीग फायनल सांगा कुणीतरी. बाबा विषय काढला की खोलीतून उठून जातात

सुदामानगरची_ताई
बाबांचं बरोबर आहे. आपल्याकडे रात्री सव्वाबाराला सुरू झाली. १८ व्या मिनिटाला गोलकीपर लेहमनला लाल कार्ड. दुसरा गोलकीपर आणायचा तर कुणाला तरी काढावं लागणार, वेंगरने पिरेसला काढलं. पिरेसचा तो चेहरा. त्यानंतर तो आपल्याकडून कधी खेळलाच नाही. दहा जणांत कॅम्पबेलने हेडर मारून १-० केलं, आम्ही पाऊण तास तसेच टिकलो. ७६ ला बार्सिलोनाच्या एटोचा गोल, ८१ ला बेलेटीचा. बस.

होळकरी
फुटबॉल मला फार कळत नाही, कोचचा विषय निघालाय म्हणून. आपले क्रिकेटचे चंदू पंडित घ्या. १९९९ ला मध्य प्रदेशचे कप्तान असताना बेंगळुरूला रणजी फायनल हरले. २०२२ ला कोच म्हणून त्याच मैदानावर मुंबईला हरवून जिंकले, आपल्या रजत पाटीदारचं शतक. आमच्या आजोबांनी इंदूरच्या होळकर संघाने जिंकलेल्या चार रणजी बघितल्या, त्यानंतर इतकी वर्षं कोरडी. मी त्या दिवशी राजवाड्यावर गेलो होतो. कोच शिस्तीचा असला की पोरं कुरकुरतात, नंतर त्याचंच नाव घेतात.

पीटी_सर
होळकरी, हे एकदम योग्य जागी आणलंत. पंडित सरांच्या शिस्तीवर वेगळा धागा काढा, मी भरपूर लिहीन.

तिलकनगरची_सून
कुकर लावलाय, पटकन लिहिते. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये वेंगर भुवनेश्वरला आला होता, फिफाच्या अकादमीच्या उद्घाटनाला. भारत कतारकडून ०-३ हरला तो सामनाही तेव्हाच. माझा नवरा त्याला बघायला म्हणून सुट्टी टाकणार होता, मुलाची परीक्षा आली. भारतात आला आणि आम्ही इंदुरात. अजून त्याचं मन खात असतं

लाल_सैतान_इंदौरी
वहिनी, दादाला माझ्याकडून एक गळाभेट. युनायटेडवाल्याची चालत असेल तर.

रामबागकर
६ मे २०१८, घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात बर्नलीविरुद्ध ५-० झाल्यावर वेंगर भाषण करायला उभा राहिला. फर्ग्युसन आदल्या दिवशीच हॉस्पिटलात दाखल झाला होता. अख्खं मैदान याच्यासाठी उभं, हातात अपराजित हंगामाची सोन्याची ट्रॉफी आलेली, आणि याने सुरुवात केली ती फर्ग्युसन बरा होवो म्हणून. मी भाच्याला तेच दाखवलं शेवटी.

तोफखाना४९
ते भाषण बघून मीही रडलो, खोटं का बोलू. पण माझा मुद्दा सोडत नाही. २७ मे २०१७. वेम्बली, एफए कपची फायनल, चेल्सीविरुद्ध २-१. वर्षभर जेमतेम खेळलेल्या मर्टेसॅकरला थेट फायनलला उतरवलं आणि तो काय खेळला! चेल्सीच्या कोस्टाने बरोबरी केली, तीन मिनिटांत रॅमसेचा गोल. सातवा एफए कप, इतके दुसऱ्या कुठल्याच मॅनेजरकडे नाहीत. त्या संध्याकाळी निघून जायला हवं होतं. चारच दिवसांनी दोन वर्षांचा नवा करार केला.

सुदामानगरची_ताई
नाही पटत. कप हातात असताना कामावरचा माणूस स्वतःहून का जाईल? क्लबने त्याला समोर बसवून सांगायला हवं होतं, २०१८ पर्यंत थांबायचं कशाला? मालकांनी लोकांच्या रागाला पुढे केलं आणि स्वतः मागे राहिले. दोष त्यांचा.

तोफखाना४९
मालकांवर एकमत. तारखेवर नाही.