‘आराम हवा तर फोर बाय टूच घ्या’ म्हणणाऱ्यांनी आधी गाडीखाली वाकून बघावं

आडवा_एक्सल
काल एकाने ठोकून दिलं, "हेवी ड्यूटी पिकअपमध्ये कंबर वाचवायची तर फोर बाय टूच (इंजिनाची ताकद दोनच चाकांना) घ्या, फोर बाय फोर (ताकद चारही चाकांना) सगळ्याच आदळतात." कंपनी कुठली, साल कुठलं, काही पत्ता नाही. शेव्हीची (शेव्हरोलेची) २५००एचडी पिकअप बघा. २००१ पासून तिच्या दोन्ही प्रकारांत पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्र वरखाली होणारं) आणि टॉर्शन बारच (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) आहेत. फोर बाय फोरचा पुढचा डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) फ्रेमला बोल्टने आवळलेला असतो, चाकांबरोबर वरखाली होत नाही. मग एवढा फरक येणार कुठून?

फोर्ड सुपर ड्यूटीत फरक खरा आहे. फोर बाय टूला पुढे ट्विन आय-बीम (प्रत्येक चाकाला वेगळी आडवी तुळई), फोर बाय फोरला अख्खा सॉलिड एक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच आस). पण त्यातही १९९९ ते २००४ पर्यंत फोर बाय फोरला पुढे पाटे (लीफ स्प्रिंगा) होते, २००५ मध्ये कॉइल स्प्रिंगा आल्या. २००३ च्या गाडीवरून २००६ ची जोखता येत नाही. आणि रिकाम्या गाडीत पाठीत बसणारा दणका बहुतेक वेळा मागच्या पाट्यांचा असतो. ते दोन्ही प्रकारांत आहेतच.

ट्विनबीम
सॉलिड एक्सलचं वजन मात्र सोयीस्कर विसरलात. हाउसिंग, डिफरन्शियल, शाफ्ट, हब, हे सगळं स्प्रिंगच्या खाली लटकतं. एक चाक खड्ड्यात गेलं की एक्सल तिरका होतो, दुसरं चाकही कलतं आणि डोकं डावी-उजवीकडे फेकलं जातं. हे कॉइल टाकून जात नाही.

त्यात ट्रॅक बारचं (एक्सल डावी-उजवीकडे सरकू न देणाऱ्या दांड्याचं) बूश ढिलं झालं की हायवेवर एका सांध्यावरून जाताच स्टेअरिंग असं थरथरतं की गाडी जवळजवळ थांबवावी लागते. लोक नवा स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे धक्के शोषणारा शॉक) टाकून मोकळे होतात. डॅम्पर रोग झाकतो, बरा करत नाही. इंजिन चालू ठेवा, एकाला स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि खालून ट्रॅक बारचा फ्रेमकडचा बोल्ट बघा. बोल्ट भोकात सरकताना दिसला की कारण सापडलं. तिथे काही नसेल तर बॉल जॉइंट तपासा.

आडवा_एक्सल
डोकं फेकलं जातं, मान्य. थरथर मात्र झिजेचा दोष आहे, तो आरामाच्या हिशेबात घालू नका. आणि ट्विन आय-बीम काही देवाघरचं नाही. पुढची उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बदलतो आणि टायरची एकच कड खाल्ली जाते.

शिवाय तुलना कशाशी करता? फोर बाय फोरवर बर्फ ढकलणाऱ्या प्लाऊचं पॅकेज किंवा डिझेल इंजिन असलं की पुढच्या स्प्रिंगा जाड येतात. ती गाडी साध्या पेट्रोल फोर बाय टूशेजारी उभी करून ‘फोर बाय फोर कडक’ म्हणणं हा अन्याय आहे. दाराच्या लेबलवरचा स्प्रिंग कोड आधी जुळवा.

हवा_तपासा
दोघेही स्प्रिंगांत अडकलात. ई रेंजचा (जड भाराचा) एलटी म्हणजे हलक्या ट्रकचा टायर, २४५/७५ आर१७, ८० पीएसआय हवेला ३,१९५ पौंड उचलतो. रिकाम्या क्रू-कॅबच्या (चार दारांच्या पिकअपच्या) मागच्या एक्सलवर ३,००० पौंडांच्या आसपास वजन, म्हणजे टायरमागे दीड हजार. तरी ८० भरून फिरायचं आणि कडक लागते म्हणून रडायचं! मागची हवा लोडप्रमाणे उतरवा, निम्मी तक्रार तिथेच संपते. ट्रेडवर (टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर) खडूची आडवी रेघ मारा, सरळ रस्त्यावर थोडं चालवा. मधलाच खडू पुसला तर हवा जास्त आहे.

वजनकाटा
हा सल्ला धोकादायक आहे आणि तो असा सहज वाटला जातो याचा मला संताप येतो. खडू फक्त ट्रेड रस्त्याला कुठे टेकतो ते दाखवतो. बाजूची भिंत किती वाकते, किती तापते, हे त्याला कळत नाही. फोर्ड एक्सप्लोररला २६ पीएसआयची शिफारस होती. तिच्या फायरस्टोन टायरांचा ट्रेड सुटून गाड्या उलटण्याचं प्रकरण २००० मध्ये चिघळलं, त्यात हा आकडा वादाच्या मध्यभागी होता. त्याच वर्षी अमेरिकेत TREAD नावाचा टायर-सुरक्षेचा अ‍ॅक्ट आला आणि पुढे, भरून १०,००० पौंडांपर्यंतच्या गाड्यांना, कमी हवेचा इशारा देणारा दिवा सक्तीचा झाला. दारावरच्या आकड्यापेक्षा हवा २५ टक्के खाली गेली की तो पेटायलाच हवा. म्हणजे ८० लिहिलं असेल तर ६० ला. तो दिवा पेटलेला ठेवून चालवणार का?

हवा_तपासा
हवा वाटेल तेवढी उतरवा असं मी कुठे म्हटलं? लोडप्रमाणे म्हटलं. टायर कंपन्यांचे लोड-हवेचे तक्ते त्यासाठीच असतात.

वजनकाटा
मग खडू आधी का सांगता? आधी काट्यावर दोन्ही एक्सल वेगवेगळे तोला. तक्त्यातला आकडा ही किमान हवा असते, त्यावर थोडी जास्त ठेवा. मोजमाप थंड टायरवर. १०,००० पौंडांचा ट्रेलर जोडला की हिचवर (ट्रेलर जोडायच्या आकड्यावर) साधारण १,००० ते १,५०० पौंड येतात. हिच एक्सलच्या मागे असल्याने मागच्या एक्सलवर त्याहूनही जास्त भार पडतो आणि पुढचा हलका होतो. ट्रेलर लावताना हवा परत भरायची हे किती जणांच्या लक्षात राहतं?

ट्विनबीम
हे मात्र बरोबर. आणि मूळ मुद्द्यावर, शेव्हीपुरतं तुमचं म्हणणं घेतो, आडवा_एक्सल. फोर्डपुरतं नाही.

टॉर्शन_की
शेव्हीवाल्यांनो, तुमचाही आराम तुम्हीच घालवता. पुढून उंच दिसावी म्हणून टॉर्शन बारच्या ‘की’ (बारच्या टोकाच्या, उंची ठरवणाऱ्या तरफा) पिळता. त्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त आर्म (चाक धरणारा दांडा) खाली ढकलला जातो. वरचा आर्म खालच्या रबरी स्टॉपला जवळजवळ टेकतो, चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. म्हणून खड्ड्यात शिरताना ‘ठक्’ होतं. आर्म आणि स्टॉपमध्ये बोटभर फट दिसत नसेल तर पुढची बाजू जॅकवर उचला, अ‍ॅडजस्टरचे बोल्ट दोन्हीकडे सारखे सैल करा, मग अलाइनमेंट करून घ्या.

आडवा_एक्सल
आणि उंची मोजण्याआधी गाडी थोडी चालवून घ्या. जॅकवरून उतरवल्याबरोबर मोजलेली उंची खोटी असते.