‘निर्व्याज प्रेम’ आणि ‘निर्व्याज कर्ज’: दोन्हीकडे व्याज एकच का?

मसुदा

मंडळी, एका संस्थेच्या वार्षिक अहवालाचं मराठी तपासतेय. अध्यक्षांच्या मनोगतात ‘सभासदांच्या निर्व्याज प्रेमामुळे’ असं आलंय आणि दोनच पानं पुढे ‘निर्व्याज कर्ज योजना’ असा मथळा आहे. समितीतल्या एका सदस्यांचं म्हणणं असं की दोन्हीकडे अर्थ एकच. जे दिलं त्यावर वाढवून काही मागायचं नाही, ते निर्व्याज. प्रेम असो की पैसा.

मला पहिलं वाक्य बरोबर वाटतं आणि मथळा खटकतो, पण का खटकतो ते नेमकं सांगता येत नाहीये. शिवाय शाळेत शिकलेला व्याजस्तुती अलंकार आठवला. त्यात पैशाचा काय संबंध? मग कर्जावरच्या वाढीला ‘व्याज’ म्हणायला लागले ते कुठून?

रोजकीर्द

व्युत्पत्तीतलं मला फार कळत नाही, पण हिशेबाच्या कामात इतकी वर्षं आहे, कर्जाच्या कुठल्याही कागदावर ‘निर्व्याज’ वाचल्याचं आठवत नाही. तिथे ‘बिनव्याजी’ हाच शब्द. मथळा डोळे मिटून बदला.

पोथीवाचक

मसुदाताई, तुम्हाला खटकलं ते अगदी योग्य खटकलं. समितीतल्या सदस्यांचा अर्थ ऐकायला गोड आहे, म्हणूनच तो भाषणांतून इतका पसरलाय. पण शब्दाचा इतिहास वेगळं सांगतो.

संस्कृतात ‘व्याज’ म्हणजे कपट, बहाणा, सोंग. अमरकोशातली ओळच आहे: ‘कपटोऽस्त्री व्याजदम्भोपधयश्छद्मकैतवे’. कपट, व्याज, दंभ, उपधी, छद्म, कैतव, सगळी एकाच माळेतली. व्याजस्तुती म्हणजे वरवर निंदा आणि आतून स्तुती, किंवा याच्या उलट. वरचं रूप हे सोंग. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात वल्कलं नेसलेल्या शकुंतलेला पाहून दुष्यंत म्हणतो, ‘इदं किलाव्याजमनोहरं वपुः’. अव्याजमनोहर, म्हणजे कसलाही साज, कसलाही आव न आणता सुंदर. ललितासहस्रनाम म्हणणाऱ्यांना ‘अव्याजकरुणामूर्ती’ तोंडपाठ असेल. देवी करुणेवर व्याज लावत नाही असा तिथे अर्थ काढला तर नामाचं सगळं तेज जाईल. तिच्या करुणेला निमित्त लागत नाही, तिच्यात दिखावा नाही, हे त्या शब्दात आहे. तसंच निर्व्याज प्रेम: आत एक बाहेर एक असं ज्यात नाही, ते.

आता गंमत पाहा. सावकारीबद्दल बोलायची वेळ येते तेव्हा हाच अमरकोश ‘व्याज’ला शिवतही नाही. ‘वैश्यवर्ग’ या आपल्या प्रकरणात तो म्हणतो, ‘कुसीदं वृद्धिजीविका’. पैशावरच्या वाढीला जुना शब्द वृद्धी, आणि त्या धंद्याला कुसीद. पाणिनीकडेही हेच दोन. ‘तदस्मिन् वृद्ध्यायलाभशुल्कोपदा दीयते’ या सूत्रात वृद्धी आहे. आणि दुसरीकडे तर त्याने ‘प्रयच्छति गर्ह्यम्’, म्हणजे ‘निंद्य रीतीने देतो’, अशा अर्थाखाली कुसीद आणि दशैकादश हे दोन शब्द घेतलेत. दशैकादश म्हणजे दहा देऊन अकरा घेणं. व्याकरणाच्या सूत्रात सावकाराबद्दलचं समाजाचं मत असं अडकून राहिलंय! मला हे सूत्र दरवेळी नव्याने आवडतं.

मनुस्मृतीत चक्रवृद्धी, कालवृद्धी, कारिता, कायिका असे वृद्धीचे प्रकार आलेत. ‘चक्रवाढ’ हा आपला शब्द त्याच चक्रवृद्धीचं मराठी रूप. कन्नडातलं बड्डी, तेलुगूतलं वड्डी हे या वृद्धीचेच वंशज.

मग व्याज पैशाकडे कसं आलं? हा माझा तर्क आहे, तर्क म्हणूनच वाचा. ज्या व्यवहाराकडे लोक नाक मुरडून बघतात, त्यातली वाढ सरळ नावाने क्वचितच मागितली जाते. ती कशाच्या तरी निमित्ताने, कशाच्या तरी नावाखाली घेतली जाते. ‘व्याज’चा एक अर्थ निमित्त असाच आहे. युरोपातही असंच घडलं. मध्ययुगात चर्चने ‘युसुरा’ला, म्हणजे कर्ज दिल्याबद्दल जादा घेण्याला, बंदी केली होती. पण परतफेड लांबल्याने सावकाराचं नुकसान झालं तर त्याची भरपाई घेता येई आणि तिचं नाव वेगळं होतं, ‘इंटरेसे’. आजचा ‘इंटरेस्ट’ तिथून आला. निषिद्ध वाढ दुसऱ्या नावाने दारातून आत आली आणि ते नावच पुढे कायम झालं. आपल्याकडे ‘व्याज’ची वाट अशीच असावी असं मला वाटतं.

नदीपार

पोथीवाचक यांच्या मुद्द्याला माझ्याकडून एक जोड. मल्याळममध्ये ‘व्याज’चा जुना अर्थ आजही रोजच्या वापरात आहे. तिथल्या बातम्यांत ‘व्याज वार्ता’ म्हणजे खोटी बातमी. बनावट दारू ती ‘व्याज’ दारू, बोगस डॉक्टर तो ‘व्याज’ डॉक्टर. कर्जावरच्या व्याजाला ते ‘पलिश’ म्हणतात. उलट गुजरातीत व्याज आणि हिंदीत ब्याज हे आपल्यासारखेच पैशाचे. एकच शब्द, दक्षिणेकडे कपट घेऊन राहिला आणि इकडे खातेवहीत गेला.

रोजकीर्द

हे भारीच. माझा एक प्रश्न. जुन्या काळी दर काय असत? आणि ‘कळांतर’ हा शब्द जुन्या मराठीत व्याजासाठी वाचलाय, त्याचं काय?

पोथीवाचक

कळांतर म्हणजे संस्कृत कलांतर. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (1150) व्याजाच्या गणितांना हाच शब्द आहे. एक उदाहरण देतो, तुम्ही हिशेबातले असल्याने आवडेल: ‘पञ्चकेन शतेनाब्दे मूलं स्वं सकलान्तरम्। सहस्रं चेत्…’ दरमहा शेकडा 5 दराने वर्षअखेर मुद्दल आणि कलांतर मिळून 1000 होतात, तर मुद्दल किती आणि कलांतर किती?

वर्षाचे शेकडा 60 झाले. म्हणजे 100चे 160. तेव्हा 1000मध्ये मुद्दल 625 आणि कलांतर 375.

हा दर वाचून आजच्या माणसाला धडकी भरेल. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दरमहा शेकडा 5 हा ‘व्यावहारिकी’, म्हणजे व्यापारातला दर म्हणून दिलाय. ‘धर्म्य’, म्हणजे न्याय्य दर दरमहा शेकडा सव्वा पण (‘पण’ हे तेव्हाचं नाणं), वर्षाचे 15 टक्के. मनुस्मृतीत वसिष्ठाच्या नावावर दरमहा ऐंशीवा भाग सांगितलाय, तोही हिशेबाने सव्वाच येतो. रानावनातून माल नेणाऱ्याला कौटिल्य 10 सांगतो आणि समुद्रावर जाणाऱ्याला 20, दरमहा! जहाज बुडालं तर मुद्दलही गेलं, म्हणून. धोका जास्त तसा दर जास्त हे तेव्हाही पक्कं होतं.

आणि याच मनुस्मृतीत एक लगामही आहे: ‘कुसीदवृद्धिर्द्वैगुण्यं नात्येति’. एका वेळी घ्यायची रक्कम दुपटीच्या पुढे जाता कामा नये, म्हणजे व्याज मुद्दलाएवढं झालं की थांबलं. हाच तो दामदुपटीचा नियम. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो मानला. आज ‘दामदुप्पट योजना’ म्हटलं की ठेवीदार खूश होतो. मुळात हा शब्द कर्जदाराचा कैवार घेणारा होता, हे लोकांना माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मसुदा

सगळ्यांचे आभार. म्हणजे मनोगतातलं ‘निर्व्याज’ ठेवते, मथळ्यात ‘बिनव्याजी’ करते. सदस्यांना अमरकोशाच्या दोन्ही ओळी शेजारी शेजारी लिहून देणार आहे. एवढं पुरेसं होईल ना?

रोजकीर्द

होईल, पण मथळा बदलण्याआधी योजनेचं कलम नीट वाचा. बिनव्याजी म्हणजे व्याज आकारलंच जात नाही. काही योजनांत कर्जदाराने आधी व्याजासकट हप्ते भरायचे असतात आणि मग व्याजाची रक्कम त्याच्या खात्यात परत येते. हप्ता चुकला की तो परतावाही बंद. अशा योजनेला ‘बिनव्याजी’ लिहिलंत तर कर्ज घेणारा पहिल्याच हप्त्याला गोंधळेल.

मसुदा

वाचलं. ‘वेळेवर परतफेड करणाऱ्यास वर्षअखेर भरलेले व्याज परत मिळेल’ असं आहे. तेव्हा मथळा ‘कर्ज व्याज परतावा योजना’ करून पाठवलाय, आणि परताव्याची अट मथळ्याच्या लगेच खाली ठळक अक्षरात घ्यायला सांगितलंय.