मदत हवी आहे: आयने गुणूनही चौरस जुळत नाही

खाडीपलीकडे:
अकरावीच्या संमिश्र संख्यांमधलं एक गणित अडलंय. (आय म्हणजे −१ चं वर्गमूळ.) चौरस अबकड, शिरोबिंदू घड्याळाच्या काट्यांच्या उलट क्रमाने. अ = २ + आय, ब = ५ + २आय. क आणि ड काढायचे. आयने गुणलं की बिंदू ९०° फिरतो, म्हणून ब ला आयने गुणून ड = −२ + ५आय घेतला. पण अब ची लांबी √१० येते आणि अड ची √३२. चूक कुठे होतेय?

दुसरं, −१ − √३आय चा कोनांक (वास्तव अक्षाच्या धन दिशेशी होणारा कोन) कॅल्क्युलेटरवर ६०° येतो, उत्तरात −१२०° आहे.

आणि गुणाकारात कोनांची बेरीज का होते, हे साइन-कॉसची सूत्रं न वापरता कुणी दाखवू शकेल का?

तलावपाळी:
आयने गुणल्यावर बिंदू फिरतो तो मूळबिंदूभोवती. तुम्हाला फिरवायचा आहे अ भोवती.

नकाशावर बघा. ठाणे स्टेशन मूळबिंदू, पूर्वेला वास्तव अक्ष, उत्तरेला काल्पनिक अक्ष, एकक किलोमीटर. वाशी स्टेशन ढोबळमानाने २.५ − १३.५आय वर येतं. आयने गुणा, १३.५ + २.५आय मिळेल, म्हणजे डोंबिवलीचा परिसर. −आयने गुणा, −१३.५ − २.५आय, म्हणजे गोरेगाव. अंतर तेवढंच राहिलं, दिशा काटकोनात वळली. इथे केंद्र मूळबिंदूवरच होतं, म्हणून नुसत्या गुणाकाराने भागलं.

केंद्र दुसरीकडे असेल तर आधी ते वजा करा, मग गुणा, मग परत मिळवा.

ब − अ = ३ + आय
आय × (३ + आय) = −१ + ३आय
ड = (२ + आय) + (−१ + ३आय) = १ + ४आय
क = ब + (−१ + ३आय) = ४ + ५आय

पडताळा कर्णांवरून घ्या. अक चा मध्य ३ + ३आय, बड चाही ३ + ३आय. बाजू मोजण्यापेक्षा हे लवकर होतं, पण अब आणि अड समान आहेत का तेही पाहा, कारण मध्य जुळणं कुठल्याही समांतरभुज चौकोनात घडतं.

सेक्टर सतरा:
कोनांकाचं: −√३ भागिले −१ केलं की दोन्ही उणे चिन्हं उडतात आणि √३ उरतं. टॅनच्या व्यस्ताला बिंदू पहिल्या चरणात होता की तिसऱ्या, हे कळायला मार्गच राहत नाही. म्हणून आधी बिंदू कागदावर मांडा. दुसऱ्या चरणात असेल तर कॅल्क्युलेटरच्या उत्तरात १८०° मिळवा, तिसऱ्यात असेल तर १८०° वजा करा. ६०° − १८०° = −१२०°. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर ‘पोल’ (दोन निर्देशकांवरून लांबी आणि कोन देणारं बटण) असेल तर त्यात −१ आणि −√३ वेगवेगळे द्या, चिन्हं शाबूत राहतात.

आता कोनांची बेरीज. आलेख कागदावर १ सेमी एकक घ्या आणि २ + आय ने ३ + आय ला गुणा. याचा अर्थ, ३ + आय हा बाण दोनदा घ्या, आणि तोच बाण ९०° वळवून एकदा घ्या. दुप्पट बाण ६ + २आय वर संपतो. तिथून वळवलेला बाण, −१ + ३आय, जोडा. पोचलात ५ + ५आय वर.

जो काटकोन त्रिकोण तयार झाला त्याच्या बाजू २ : १ आहेत, म्हणजे मूळ २ + आय च्या त्रिकोणाशी तो समरूप आहे. फक्त त्याचा पाया वास्तव अक्षाऐवजी ३ + आय या बाणावर टेकलाय. म्हणून त्याचा कोन त्या बाणाच्या कोनावर चढतो, आणि लांबी त्या बाणाच्या लांबीने गुणली जाते. कोनमापक लावा: २६.५७° + १८.४३° = ४५°. लांबी √५ × √१० = √५०, पट्टीवर साधारण ७.१ सेमी.

मला हे चित्र सूत्रापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं. १७९७ साली वेसेलने ही कल्पना मांडली. तो पेशाने भूमापक होता, आणि ज्याच्या नावाने ही आकृती ओळखली जाते त्या आर्गंडचं लेखन त्यानंतर, १८०६ सालचं.

खाडीपलीकडे:
समरूप त्रिकोणाचं आता नीट दिसलं, धन्यवाद! शिरोबिंदूंचा क्रम दिलेला नसेल तर?

तलावपाळी:
मग उत्तरं दोन. −आयने गुणा: १ − ३आय. त्यावरून ड = ३ − २आय, क = ६ − आय. आणि प्रश्नात ‘लगतचे’ हा शब्द नसेल तर अब कर्णही असू शकतो. तेव्हा केंद्र मध्यावर घ्या, ३.५ + १.५आय. ब वजा केंद्र = १.५ + ०.५आय. त्याला आय आणि −आय ने गुणून केंद्रात मिळवलं की उरलेले दोन शिरोबिंदू ३ + ३आय आणि ४.